जनरेटर घेण्याआधी त्याची जागा तयार करा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील विजेच्या लपंडावाबद्दल आपल्या अंकात वाचकांची पत्रे नेहमी येतात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर आता एकच असतो, की घरी जनरेटर घेतल्यावाचून गत्यंतर नाही. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण आमच्या घरीही जनरेटर आहे. पण यंत्र कोणते घ्यावे, किती किमतीचे घ्यावे यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या दशांशही चर्चा ते यंत्र घराच्या कोणत्या बाजूला, कशावर आणि कोणत्या तयारीने बसवावे यावर होत नाही. ही तयारी न करता यंत्र आणल्याने काय होते, हे आम्ही घरात अनुभवले आहे. इतर घरांवर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि त्याने दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा व विजेचे खांब आडवे केले. आमच्या वाडीत त्यानंतर तेवीस दिवस वीज नव्हती. माझ्या सासूबाईंना श्वासाचा विकार असल्याने घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता. हे यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज घेते आणि घरगुती इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवर क्षमतेची एक बॅटरी ते जेमतेम अडीच-तीन तास चालवू शकते. वीज दोन तास गेली तर इन्व्हर्टर पुरतो, पण ती तीन आठवडे नसेल तर इन्व्हर्टर पुन्हा भरायचा कशावर, हा प्रश्न उरतोच. त्या दिवसांत सासूबाईंना शहरातल्या नातलगांकडे हलवावे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकले आणि पुन्हा तीच धावपळ झाली. तेव्हा आम्ही १० केव्हीए क्षमतेचा डिझेल जनरेटर घ्यायचे ठरवले.

विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेतली, यंत्राची माहितीपत्रके दिली आणि पावसाच्या तोंडावर टेम्पो पाठवून दिला. मधल्या दीड महिन्यात जागा पाहायला मात्र त्याच्याकडचा एकही माणूस आला नाही. आमचे घर रस्त्यापासून खाली आहे आणि घराकडे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून यावे लागते. साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाचे ते धूड वरच रस्त्यावर उभे राहिले. वाडीतल्या दहा-बारा जणांनी दोर आणि वासे लावून ते दुपारभरात खाली उतरवले. एका पायरीवर दोर घसरला तेव्हा दोघांचे पाय थोडक्यात वाचले. यंत्र ठेवायला जागा तयार नव्हती, म्हणून पडवीच्या टोकाला चार चिरे मांडून त्यांवर ते ठेवण्यात आले. बसवायला आलेल्या मुलाने पडवीतल्या एका प्लगमध्ये वायर जोडून दिली आणि संध्याकाळच्या आत तो निघून गेला.

जुलैमध्ये दोन दिवसांच्या अखंड पावसाने त्यांतल्या एका चिऱ्याखालची माती वाहून गेली आणि यंत्र एका अंगाला कलले. त्या हिसक्याने डिझेलची नळी सैल होऊन रात्रभर थेंबथेंब गळत राहिली. हे नुकसान पैशांवर निभावले. त्याच पावसात घडलेली दुसरी गोष्ट मात्र आठवली की आजही माझा जीव थरथरतो. पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून आपण पावसाळ्यात पडवीला झापे किंवा प्लास्टिकचे कापड बांधतो, तसे आम्हीही बांधले होते. यंत्राचा धूर त्या आडोशात कोंडून माजघराच्या खिडकीतून आत येत होता. माझी दोन नातवंडे तिथे झोपलेली होती. पहाटे धाकटा डोके धरून रडत उठला, मोठीला उलट्या सुरू झाल्या, आणि सुनेने प्रसंगावधान राखून आधी यंत्र बंद केले, मग मुलांना अंगणात आणले. डॉक्टरांनी सांगितले, की हा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम आहे. हा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही. धुराचा वास आला तर आपण उठून बसू, अशी आमची समजूत होती. ती किती धोक्याची होती हे त्या पहाटे कळले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की जनरेटर पडवीत, मांगरात, जिन्याखाली किंवा तीन बाजूंनी बंद अशा कोणत्याही जागेत ठेवू नये. घराच्या कोणत्याही दार-खिडकीपासून निदान वीस फूट अंतर राखावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराच्या नळकांड्याच्या उंचीसाठी दिलेले सूत्र सोपे आहे: यंत्राच्या केव्हीए क्षमतेचे वर्गमूळ काढावे, त्याला ०.२ ने गुणावे आणि येईल तितके मीटर नळकांडे इमारतीच्या उंचीपेक्षा वर न्यावे. १० केव्हीएसाठी हे उत्तर सुमारे ६३ सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक येते. कौलारू घराला लागून यंत्र असेल, तर नळकांडे आढ्याच्या वर एवढे गेले पाहिजे, पागोळीच्या पातळीला सोडून चालणार नाही. नळकांड्याच्या तोंडावर पाऊस आत जाणार नाही असे झाकण हवे आणि त्याचा आधार भिंतीला किंवा स्वतंत्र खांबाला हवा. नळकांड्याचा सगळा भार यंत्राच्या सायलेन्सरवर टाकला तर तिथला जोड एका वर्षात तडकतो.

आता चौथऱ्याविषयी. यंत्राच्या पायापेक्षा चारी बाजूंनी अर्धा ते एक फूट मोठा, भर घातलेल्या मातीवर नव्हे तर मूळ कठीण जमिनीपर्यंत खोदून घेतलेला आणि वरून पाणसळीत असलेला काँक्रीटचा चौथरा बांधावा लागतो. आमच्या गवंड्याचे म्हणणे होते, की जांभ्याचे दोन थर रचून वर गिलावा केला तरी काम भागेल. पण यंत्राचा थरथराट तासन्‌तास चालतो आणि चिऱ्यांचे सांधे त्याने सुटत जातात, त्यामुळे इथे एम-२० प्रतीचे काँक्रीट आणि त्यात सळईची जाळी घालणेच बरे. काँक्रीटवर सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारले पाहिजे, आणि त्याला पूर्ण ताकद येण्यास अठ्ठावीस दिवस धरले जातात. मृग लागायला आठ दिवस उरले असताना चौथरा ओतायला घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. हे काम दिवाळीनंतर, फार तर शिमग्याच्या सुमारास उरकावे. यंत्र आणि चौथरा यांच्यामध्ये रबरी पॅड घालायला विसरू नये.

चौथऱ्याची उंची किती, हे मात्र पुस्तकात पाहून ठरत नाही. साधारण जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट सांगितली जाते. पण २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा अनेक ठिकाणी तळमजले पूर्ण पाण्याखाली गेले होते, तिथे या एका फुटाला काहीच अर्थ नव्हता. आपल्या जागेत आजवर पाणी कुठपर्यंत चढले, हे गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारावे, भिंतीवरची जुनी ओल पाहावी आणि चौथरा त्या खुणेच्या वर न्यावा. ते शक्य नसेल तर जागाच बदलावी. आमचे घर उतारावर असल्याने पुराची भीती नाही, पण वरच्या दरडीकडून येणारा लोंढा थेट यंत्राखाली शिरत असे. त्यासाठी चौथऱ्याच्या वरच्या अंगाला आम्ही चर खणून पाणी बाजूला वळवले आहे.

यंत्राला श्वास घ्यायला मोकळी जागा लागते, ही गोष्ट खर्चाच्या अंदाजपत्रकात कधीच लिहिलेली नसते. थंड हवा एका बाजूने आत येते आणि रेडिएटरमधून गेलेली गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या हवेसमोर भिंत किंवा गडगा असेल तर तीच तापलेली हवा फिरून आत येते, इंजिन तापते आणि ऐन वेळी यंत्र आपोआप बंद पडते. यंत्राच्या पेटीची दारे पूर्ण उघडून मिस्त्रीला बसून काम करता यावे, यासाठी चारी बाजूंनी निदान एक मीटर मोकळा ठेवावा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा हवेची तोंडे त्या दिशेला नसावीत. आणि माडाखाली जागा कितीही सोयीची वाटली तरी ती टाळावी. एखादा नारळ पडला तर पेटी चेपते आणि वादळात माडच आला तर काही शिल्लक राहत नाही.

शेजाऱ्यांचाही विचार जागा ठरवतानाच करावा लागतो. नियमाप्रमाणे पेटीबंद डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळ मानाने सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने ७५ चे ४५ व्हायला सुमारे बत्तीस मीटर, म्हणजे शंभर फुटांहून अधिक अंतर लागते. वाडीतल्या घरांमध्ये एवढे अंतर क्वचितच असते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात यंत्र ठेवले तर आवाज उलटून आणखी वाढतो. त्यामुळे जागा पक्की करण्याआधी शेजारच्या घरी जाऊन बोलावे आणि रात्री किती वाजेपर्यंत यंत्र चालेल ते ठरवून घ्यावे. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरसाठी धुराचे निकष अधिक कडक झाले आहेत आणि तेव्हापासून जुनी यंत्रे स्वस्तात दाखवली जातात. ती घेताना आवाजाची पेटी शाबूत आहे का, एवढे तरी पाहावे.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि तो मला आमच्या भागातल्या वायरमनने शिकवला. पहिल्याच पावसाळ्यात लाइन दुरुस्त करून परतताना तो पाणी प्यायला थांबला असता त्याचे लक्ष पडवीतल्या प्लगला जोडलेल्या, दोन्ही टोकांना पिना असलेल्या त्या वायरकडे गेले. त्याने हातातला तांब्या तसाच खाली ठेवला आणि यंत्र चालवताना आम्ही काय करतो ते विचारले. आधी मेन स्विच पाडतो, मग यंत्र सुरू करतो, असे मी सांगितले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही स्विच पाडायला एकदाच विसराल, पण त्या दिवशी पोलवर मी असेन."

मग त्याने समजावून सांगितले. गावातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्या घरी २३० व्होल्टने देतो. पण तोच उलट्या दिशेनेही काम करतो. मेन स्विच चालू राहून जनरेटरची वीज घरातून मागे डीपीकडे गेली, तर ती पलीकडच्या तारांत ११,००० व्होल्ट होऊन उभी राहते. लाइन बंद आहे असे समजून त्या तारेला हात लावणारा माणूस वाचत नाही. निसर्ग वादळानंतर दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात, आमच्याकडची पेज-भाकरी खाऊन, दिवसदिवस खांबांवर चढलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या जिवाला आपल्या घरातल्या दोन हात वायरीने धोका व्हावा, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

यावरचा उपाय महाग नाही. मीटर आणि मेन स्विच यांच्यानंतर चेंजओव्हर स्विच बसवावा. सिंगल फेजला दोन पोलचा, म्हणजे एकदम दोन तारा तोडणारा, आणि थ्री फेजला चार पोलचा लागतो; फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. या स्विचची रचनाच अशी असते, की घर एक तर लाइनला जोडलेले राहते किंवा जनरेटरला. दोन्हीकडे एकाच वेळी ते राहूच शकत नाही, मग माणसाची आठवण चुकली तरी बिघडत नाही. यंत्र आपोआप सुरू व्हावे असे वाटत असेल तर हेच काम एएमएफ पॅनेल करते. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, त्याच्याकडून पूर्तता अहवाल घ्यावा आणि आपल्या क्षमतेच्या यंत्रासाठी विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे काय नोंद लागते, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

अलीकडे अनेक घरांवर सौर पॅनेल बसली आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. नेहमीची ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेली, सौर यंत्रणा लाइन गेली की मुद्दाम बंद होते, तीही वायरमनच्याच सुरक्षिततेसाठी. पण चेंजओव्हरच्या चुकीच्या बाजूला ती जोडलेली असेल, तर जनरेटरची वीज हीच लाइन असे समजून ती सुरू होते आणि आपली वीज जनरेटरमध्ये ढकलू लागते. त्यात दोन्ही यंत्रे जळू शकतात. सौर यंत्रणा चेंजओव्हरच्या अलीकडे, लाइनच्या बाजूलाच राहिली पाहिजे, हे ठेकेदाराला स्पष्ट सांगावे.

अर्थिंगच्या बाबतीत कोकणची जमीन दगा देते. यंत्राच्या सांगाड्याला दोन वेगळ्या अर्थिंगच्या जोडण्या लागतात आणि न्यूट्रलचे अर्थिंग त्यांहून स्वतंत्र असते. जांभ्यात पहारीने आठ-दहा फूट खड्डा घेणे कष्टाचे असते, म्हणून तीन फुटांवर काम थांबवून वर मीठ-कोळसा टाकला जातो. पावसाळ्यात सगळी जमीन ओली असताना मोजले तर असे अर्थिंगही उत्तम दिसते. त्याची खरी परीक्षा मे महिन्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना अर्थ टेस्टर लावून होते, आणि मापन तेव्हाच करून घ्यावे. हे खड्डे विहिरीपासून दूर असावेत, नाहीतर मीठ पाण्यात उतरते. यंत्रापासून घरापर्यंतची केबल आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची असावी आणि अडीच फूट खोल चरात, खाली-वर वाळू व त्यावर विटा घालून पुरावी. वरून कुदळ मारणाऱ्याला आधी वीट लागते आणि तो थांबतो.

डिझेलचाही हिशेब जागेच्या आखणीतच करावा लागतो. आमचे यंत्र निम्म्या भारावर तासाला साधारण दोन लिटर डिझेल घेते. दिवसाला सहा तास धरले तर तेवीस दिवसांचे २७६ लिटर होतात, म्हणजे दोनशे लिटरच्या एका पिंपाहून अधिक. एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल, कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येते. पेट्रोलची मर्यादा मात्र अवघी ३० लिटर आहे. कायद्याने चालते म्हणून घरात साठा करावा असे मी म्हणणार नाही. आम्ही शंभर लिटरच ठेवतो, तेही घरापासून वेगळ्या शेडमध्ये. चौथऱ्याभोवती सहा इंचांचा कठडा आहे, कारण गळलेले डिझेल उतारावरून सरळ आमच्या विहिरीकडे गेले असते. त्यात साचणारे पाणी सोडायला तोटी आहे आणि ती एरवी बंदच असते.

आज आमचे यंत्र परसदारी, घरापासून तीस फुटांवर, पक्क्या चौथऱ्यावर आहे. त्याच्या पेटीच्या झरोक्यांना बारीक जाळी लावली आहे, कारण पहिल्या वर्षी उंदरांनी आत घर केले होते आणि उंदरांमागे साप येतात. दर पंधरा दिवसांनी पंप आणि फ्रिज यांचा भार देऊन मी ते वीस मिनिटे चालवते. या सगळ्या कामाला यंत्राच्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका खर्च आला. तो आधी केला असता तर निम्म्यात भागला असता.

आपल्या अंकाद्वारे मला दोन मागण्या मांडायच्या आहेत. एक, विक्रेत्यांनी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी आपला माणूस घरी पाठवून जागा पाहावी. चौथरा, धुराची दिशा, चेंजओव्हर, अर्थिंग आणि यंत्र आणण्याचा रस्ता या सर्वांची एक लेखी आखणी ग्राहकाला द्यावी, आणि ग्राहकांनीही ती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन, प्रत्येक ग्रामपंचायतीने कोणकोणत्या घरांत जनरेटर आहे आणि तिथे चेंजओव्हर बसवलेला आहे का, याची यादी दर मे महिन्यात करून आपल्या भागातल्या वायरमनच्या हाती द्यावी. आमच्या वाडीत मी आणि आमच्या बचत गटातील दोघी मिळून ही यादी गेल्या उन्हाळ्यात केली. चौदा घरांत जनरेटर निघाले आणि त्यांतल्या नऊ घरांत अजूनही ती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर होती. सहा घरांनी पावसाआधी ती काढून टाकली. उरलेल्या तिघांकडे आम्ही या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी